देवाच्या हवाली



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते ते गुरुजी गणित शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेली बरीच मंडळी समोर बसलेली दिसतात. उत्तर आलं की ताळा करून पाहायची सवय या मंडळींना लागलेली असणार. अशा लोकांपुढे 'देवावरचा भरवसा आणि टिकणारा आनंद' या विषयावर बोलायचं म्हणजे वक्त्याची परीक्षाच. तेव्हा ब्रह्मानंद, सच्चिदानंद असल्या मोठ्या शब्दांच्या वाटेला मी जाणार नाही. उपाशी माणसांबद्दल बोलणार आहे.

याला कारण आहे. देवावर भार टाका, सुखी व्हाल, हे पोट भरलेल्यानं सांगितलं तर ते खरं की खोटं हे कळायला मार्ग नसतो. त्याचं सुख भरवशाचं की जेवणाचं, हे सांगणार कसं? कोणत्याही जागृत देवस्थानाच्या रांगेत सकाळी उभं राहा. कुणी बाळाचं जावळ काढून आलेलं असतं, कुणी नोकरीचं पत्र घडी करून पेढ्याच्या पुड्याबरोबर आणलेलं असतं. पुजारी ते पत्र मूर्तीच्या पायाला लावून परत देतो आणि आणणाऱ्याचे डोळे भरून येतात. हा आनंद खोटा नाही, मी त्याची टिंगल करणार नाही. पण तो काम झाल्याचा आनंद आहे. त्याच रांगेत असाही एखादा असतो, ज्यानं तितक्याच मनापासून नवस बोलला होता आणि ज्याचं मूल वाचलं नाही. तो तरीही आलेला असतो. मला त्याच्याबद्दल कुतूहल आहे. आजचा विषय खरा त्याचा आहे.

मराठी मुलखात अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, कारण आपल्याकडे दुष्काळ फार पडले.

तुकोबांचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टी आपण नीट ऐकत नाही. त्यांचं देहूच्या मोऱ्यांचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६३०च्या सुमाराला दख्खन आणि गुजरातेतून पाऊस नाहीसा झाला. शाहजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानं त्या दुष्काळाचं वर्णन केलं आहे. त्याच सुमाराला पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेत ठायी ठायी पडलेली प्रेतं त्यानं आपल्या प्रवासवृत्तात नोंदली आहेत. दोघांपैकी कुणालाही देहू ठाऊक नव्हतं. पण त्या पानांवर जी माणसं मरतात त्यांच्यातच तुकोबांची पहिली बायको रखमा होती, अन्नान्न करत गेलेली. मुलगाही गेला असं परंपरा सांगते. धंदा बुडाला, पत गेली.

यानंतर तुकोबांनी जे लिहिलं त्यातला एक अभंग कीर्तनात नेहमी येतो. दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळानं पीडा केली तेही बरं झालं, असं ते देवाला सांगतात; दुसऱ्या एका अभंगात बायको मेली तेही. कीर्तनकार हे सांगू लागला की श्रोत्यांच्या माना डोलतात. माझी डोलत नाही. रखमेला विचारलं असतं तर ती 'बरं झालं' म्हणाली असती का? भक्तीच्या नावाखाली दुसऱ्याच्या मरणाला बरं म्हणायचा हक्क कुणालाच नाही, तुकोबांनासुद्धा नाही. पण त्या अभंगांत आणखी एक गोष्ट दिसते. मागाहून भरपाई मिळेल, असा हिशेब ते मांडत नाहीत. आता माझ्याकडून काढून घ्यायला काही उरलं नाही, असं मला त्यांत ऐकू येतं. त्यात एक भयंकर मोकळेपणा आहे.

त्या मोकळेपणातून त्यांनी पहिलं काम काय केलं? घरातली कर्जखतं काढली आणि इंद्रायणीत बुडवली. परंपरा सांगते की धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाटणीची खतं त्यांनी आधी वेगळी काढून त्याच्या हाती दिली. ही बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. भावाच्या पैशावर त्यांनी औदार्य केलं नाही. आणि ती खतं ज्यांच्या नावची होती ती कुळंही त्याच दुष्काळातून गेलेली होती. आपण बुडालेल्या कागदांची गोष्ट सांगतो तेव्हा नेहमी तुकोबांच्या वैराग्याबद्दल बोलतो. त्या रात्री ज्यांच्या घरातलं कर्ज गेलं त्यांना काय वाटलं असेल, याबद्दल कुणी बोलत नाही. देवावर भार टाकलेल्या माणसाचा आनंद खरा की नुसता बोलण्यापुरता, हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरात डोकावल्यावर कळतं, असं मला वाटतं.

जिजाईबद्दल मात्र प्रामाणिक राहिलं पाहिजे. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत आणि ही दुसरी बायको भाकरी घेऊन डोंगर चढे, विठ्ठलाला शिव्या घालत. पोरांचं पोट भरायची काळजी तिची. तुकोबांच्या भरवशाचा बराचसा भार तिच्या पायांनी वाहिला. आणि खुद्द तुकोबाही काही सदा हसतमुख नव्हते. गाथा उघडली की रडणं, रुसणं, देवाला दिवाळखोर ठरवणं, सगळं सापडतं. टिकणारा आनंद म्हणजे चोवीस तासांचा आनंद, अशी जर कुणाची समजूत असेल तर गाथेनं ती पार मोडीत काढलेली आहे.

आता मी ज्या बाईंबद्दल बोलायला आलो त्यांच्याकडे वळतो. पंडिता रमाबाई. नाव घेतल्याबरोबर काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मला माहीत आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी ती आठी गेलेली नाही. त्या आठीबद्दलही बोलू, पण आधी दुष्काळ.

रमाबाई १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणं सांगू लागलं. मिळालेल्या दक्षिणेतून दानधर्म व्हायचा, उपासतापास व्हायचे, मुहूर्त आणि व्रतं काटेकोर पाळली जायची. देवावरचा त्यांचा भरवसा कच्चा होता असं कुणालाच म्हणता येणार नाही. १८७४च्या सुमाराला मद्रास इलाख्यात दुष्काळानं त्यांना गाठलं. होतं नव्हतं ते विकून झालं. पुराणिकाच्या घराला मजुरी ठाऊक नाही आणि भीक मागायला जीव धजत नाही. शेवटचे तांदूळ संपल्यावर मंडळी रानात शिरली. अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, असं रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे.

अनंतशास्त्री तेव्हा म्हातारे आणि आंधळे झाले होते. आता जलसमाधी घ्यायची असं त्यांनी ठरवलं आणि एकेकाचा निरोप घेतला. धाकट्या रमेला कुशीत घेऊन ते म्हणाले, तू माझी फार लाडकी आहेस, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. शब्द नेमके हेच नसतील, आशय हा आहे. इतक्यात थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला की जातीचा ताठा सोडून मी मजुरी करतो, तुम्हांला जगवतो. जलसमाधीचा बेत राहिला. पण वडील थोड्याच दिवसांत गेले आणि पाठोपाठ आई गेली. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीला बुटकी, तिच्या खांद्याला तिरडी लागेना. तिनं आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तशी ती मसणवटीपर्यंत चालत गेली. त्यानंतर थोरली बहीण गेली.

इथं मी थोडा थांबतो. अनंतशास्त्र्यांना देवानं काय दिलं होतं? सगळं आयुष्य त्याच्या पायी घातलं आणि शेवटी पोरांच्या तोंडात झाडाचा पाला. व्यवहार म्हणून पाहिलं तर याहून बुडीत खातं नाही. तरीही लेक कुणाच्या तरी हवाली करायची वेळ आली तेव्हा त्यांना दुसरं ठिकाण सुचलं नाही. रांगेतल्या ज्या माणसाबद्दल मी बोललो तो हाच.

मुलीनं मात्र वडिलांचा शब्द लगेच उचलला नाही. ही गोष्ट भाविक चरित्रांत घाईघाईनं उरकली जाते, म्हणून मी मुद्दाम सांगतो. बहीणभाऊ पुढची वर्षं पायी हिंदुस्थानभर फिरले. मूठभर दाणे भिजवून मिठाबरोबर खायचे, असे दिवस होते. पंजाबात झेलमच्या काठी थंडीची रात्र काढायची तर अंगावर पांघरूण नव्हतं. दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत निजले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. हिमालयातल्या एका सरोवरात तरंगणारे डोंगर आहेत आणि पुण्यवंत यात्रेकरू आला की ते आपणहून काठाकडे येतात, असं त्यांना सांगण्यात आलं. सुसरींचं भय घालून पुजारी कुणाला पाण्यात उतरू देत नसत. श्रीनिवासानं पहाटेच पोहत जाऊन पाहिलं. ते माती-दगडांचे तराफे होते, वर झाडं लावलेली, आणि मागून लोटणारा माणूस. ज्यांनी दक्षिणा दिली त्यांच्याकडे डोंगर येत होते.

रमाबाईंचा भरवसा या सरोवरातून पोहून आलेला आहे. त्यांनी आधी सगळं तपासून पाहिलं आणि जे लबाड निघालं ते टाकून दिलं. शंका न घेता ठेवलेली श्रद्धा जास्त सुखाची, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तशी श्रद्धा तराफा ढकलणाऱ्याच्या फार सोयीची असते, इतकं मात्र खरं.

मधली वर्षं मी भराभर सांगतो. १८७८ साली कलकत्त्यात पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा झाली आणि १८८२ साली नवरा पटकीनं गेला. चोविशीच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा. पुण्याला आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, इंग्लंडला गेल्या, १८८३ साली तिथं बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत जाऊन उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदतीचं वचन देणारी मंडळी उभी केली, आणि १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

आता ती आठी. शारदा सदनात धर्माचा आग्रह नसेल असं ठरलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. काही मुलींचा कल बदलू लागला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या, 'केसरी'नं तर आधीपासूनच तोफ डागलेली होती. माझं मत विचाराल तर पालकांची तक्रार निराधार नव्हती. उघडं दार हेही एक आमंत्रण असतं, आणि हे रमाबाईंसारख्या तल्लख बाईला कळत नव्हतं असं मी मानत नाही. पण ज्या घरांनी त्या विधवा मुलींचे केस काढले होते त्या घरांना त्यांच्या आत्म्याची काळजी एकाएकी वाटू लागली, हेही तितकंच खरं होतं.

रमाबाईंनी १९०७ साली जी आपली साक्ष लिहिली तिच्यात त्या एक विलक्षण कबुली देतात. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली तेव्हा आपल्या लक्षात आलं की आपण ख्रिस्ती धर्म मिळवला, ख्रिस्त काही मिळाला नाही. आजवर मत पटलं होतं, पुस्तकं पटली होती, पण भार कुठं टाकलेला नव्हता. तो टाकला तेव्हा मनाला स्वस्थता आली, असं त्या सांगतात. चौदा वर्षं काशीला राहून कोरडा राहिलेला आणि एके दिवशी घरच्या देवघरात ओला झालेला माणूस आपल्याला परका नाही. दैवताचं नाव निराळं, अनुभवाची जात तीच.

या स्वस्थतेचा ताळा केडगावात करता येतो. बोस्टनकरांचं दहा वर्षांचं वचन १८९८ साली संपणार होतं. रमाबाईंनी वेळेआधी दौंडच्या वाटेवर केडगाव स्टेशनजवळ जमीन घेतली आणि तिथं फळझाडं लावायला घेतली. पुढे मदत आटली तर फळांच्या उत्पन्नावर संस्था चालेल, असा बेत. देवावर हवाला ठेवणारी बाई कलमांची अंतरं मोजत होती आणि विहिरी खणवत होती. याच काळात जॉर्ज म्युलर, हडसन टेलर यांची चरित्रं त्यांनी वाचली. ही माणसं कुणाकडे हात न पसरता नुसत्या प्रार्थनेवर अनाथालयं आणि मिशनं चालवत. हे हिंदुस्थानात जमेल का, असा त्यांना प्रश्न पडला. मग लोणावळ्याला एका प्रार्थनासभेत त्यांनी देवाकडे मागणं केलं. आपल्याकडे पंधरा मुली ख्रिस्ती झाल्या आहेत, त्या संख्येचा वर्ग कर. म्हणजे दोनशे पंचवीस. गुरुजींच्या विद्यार्थ्यांना हे गणित आवडेल. मला ते तितकंसं आवडत नाही. माणसं पाढ्यात बसवली की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण मी ते लपवत नाही, कारण त्यांनीही लपवलं नाही.

आणि मग दुष्काळ आला. १८९६-९७, मध्य प्रांत. रमाबाई तिथं जाऊन आल्या. सरकारी छावण्या, कंगालखाने पाहिले. ज्या बाईनं अकरा दिवस पाला खाल्लेला होता तिला त्या चेहऱ्यांकडे लांबून पाहणं शक्य नव्हतं. आपण त्याच वाटेनं आलो आहोत, असं त्यांनी लिहिलं. सुमारे तीनशे मुली त्या घेऊन आल्या. सदन तेव्हा पुण्यात होतं. तिथं प्लेग, एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई. सगळा संसार केडगावच्या माळावर तंबूंत आणि झोपड्यांत गेला. फळबागेच्या जागी माणसं वाढली. तीन वर्षांनी गुजरातेत संवत १९५६चा 'छप्पनचा' दुष्काळ पडला तेव्हा आधी वाचलेल्या मुलींपैकी काहीजणी स्वतः गुजरातेत जाऊन नव्या मुलींना घेऊन आल्या. १९०० साली केडगावच्या या संस्थेत, मुक्ती सदनात, दीड हजारांवर माणसं होती. विधवा, अनाथ, आंधळ्या, घराबाहेर काढलेल्या. मुलग्यांच्या विभागाचं नाव त्यांनी सदानंद सदन ठेवलं होतं.

या आकड्यानं दिपून जाऊ नका. आलेल्या मुली म्हणजे चित्रातल्या अनाथ बालिका नव्हत्या. खरजेनं आणि फोडांनी भरलेलं अंग, उपासानं बधिर झालेलं डोकं, भाकरीवरून भांडणं, शिव्या. रमाबाईंनी त्यांचं वर्णन गोड करून केलेलं नाही. त्यांना अंघोळ घालणं, औषध लावणं, मग हळूहळू अक्षर ओळखायला शिकवणं. दूधदुभतं, शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, पुढे छापखाना. दीड हजार माणसांचं एक वेळचं जेवण म्हणजे किती पायली धान्य, किती जात्यांवर किती हात, हे ज्यानं पंगत वाढली आहे त्यानं मनाशी मोजावं. ठेव नाही, बांधील देणगीदार नाही. पैसा येईल तसा यायचा आणि आलेल्या पैशांचा अहवाल छापून निघायचा.

भरवसा म्हणजे मुकाट्यानं सोसणं असंही त्यांनी मानलं नाही. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात बायकांचे जे हाल झाले, सदनातल्या एका मुलीचं जे झालं, त्याबद्दल त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात उघड पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. गव्हर्नरसाहेबांना ते फार लागलं. देवाच्या हवाली केलेली गोष्ट कलेक्टरच्या हवाली केलेली नसते, हा फरक त्यांना नीट ठाऊक होता.

१९०५ साली मुक्तीत जे घडलं ते अभ्यासकांच्या फार आवडीचं आहे, माझ्या तितकंसं नाही. जूनअखेरीपासून मुली एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, हसू लागल्या, नाचू लागल्या. तासन् तास हे चाले. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव आज जगभर घेतात ते यामुळे. वारीत रिंगणात उड्या मारणारा माणूस पाहिलेल्याला यात अचंबा वाटू नये. पण असा उमाळा येतो आणि ओसरतो. ओसरल्यावर सकाळी गाईचं दूध काढायचं असतंच. ज्या मुली रात्री आनंदानं नाचल्या त्याच दिवसा खिळे जुळवत होत्या, कागद मोडत होत्या, पुस्तकं शिवत होत्या. मला टिकाऊ दिसतो तो हा दुसरा आनंद. छापखान्यात सगळं काम बायकांचं. आणि रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं एका कामाला वाहिली होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत, बिनशिकल्या बाईला कळेल अशा मराठीत, आणायचं. ऐकायला कमी येऊ लागलं होतं. पांढरं लुगडं, आखूड केस, समोर कोश.

१९२१च्या जुलैत मनोरमा मिरजेच्या इस्पितळात वारली. चाळीस वर्षांची. संस्था तिच्या हाती द्यायची होती. माझ्या मते सगळ्या आयुष्यातली ही जागा सर्वांत अवघड. आईबापांच्या वेळी त्या पोर होत्या, नवरा गेला तेव्हा तरुण होत्या, पुढे आयुष्य होतं. आता पुढे काही नव्हतं. रमाबाईंनी भाषांतर सोडलं नाही. मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. छापील ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

कुणी म्हणेल, यात आनंद कुठं आहे? ही तर नुसती चिकाटी. आणि समोर बसलेल्यांतला एखादा विवेकवादी म्हणेल की चिकाटीला देव कशाला हवा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून मला खाली बसता येणार नाही. त्याच्या बाजूचा साक्षीदारही मीच देतो. शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. तिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर विधवांचा आश्रम उभारला. कर्वे आणि रमाबाई एकाच वर्षीचे, एकाच महिन्यातले. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ आणि रमाबाईंचा २३ एप्रिलचा. देवाबद्दल कर्व्यांचं मन कधी ठाम नव्हतं. प्रार्थनेवर त्यांनी काही चालवलं नाही. दारोदार फिरून वर्गणी मागितली, पावसात चिखल तुडवत हिंगण्याला गेले, शंभरी ओलांडली तरी चेहऱ्यावरची शांती गेली नाही. तेव्हा केवळ कामातून मिळणारं समाधान देवाशिवायही मिळतं. हे मी बिनशर्त मान्य करतो.

फरक मला एकाच ठिकाणी दिसतो. कामाचं समाधान वाचलेल्यांच्या बाबतीत असतं. हिंगण्यात शिकून शिक्षिका झालेली मुलगी समोर उभी राहिली की कर्व्यांना आनंद होणार, रमाबाईंनाही होणार. पण जी वाचली नाहीत त्यांचं काय करायचं? पाला खाऊन गेलेला बाप, डोक्यावरून नेलेली आई, मिरजेत गेलेली लेक. छावणीत ज्यांच्यापर्यंत हात पोचलाच नाही त्या मुली. त्यांच्यासाठी काम करता येत नाही, वेळ निघून गेलेली असते. कामसू माणसाच्या मनात ही माणसं रात्री येऊन बसतात. रमाबाईंना ती कुठंतरी ठेवता आली. आंधळ्या बापानं आपल्याला जिथं ठेवलं होतं तिथंच त्यांनी त्यांनाही ठेवलं आणि सकाळी कोश उघडला. तुकोबांनी रखमेला तसंच ठेवलं असावं, असा माझा तर्क आहे. पुरावा नाही.

विवेकवादी मित्राला हे पटलंच पाहिजे असं नाही. ठेवायला जागा वाटते म्हणून ती असतेच असं सिद्ध होत नाही, हे तो मला लगेच ऐकवेल, आणि तर्कशास्त्रात त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. माझं म्हणणं इतकंच की या दोन माणसांच्या आयुष्यात ती जागा काम करत होती. तिच्यामुळे देहूत कुळांची खतं बुडाली आणि केडगावात दीड हजार माणसं जेवली. मुक्ती सदन आजही आहे, पुण्याहून लोकल गाडीनं जाता येतं. कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत असं ते म्हणतात, आणि पहिला हात मागच्या रांगेतून आधीच वर आलेला मला दिसतो आहे.